वृद्धाश्रमातल्या जुन्या चित्रातला रेसचा घोडा कोण? पाटीवर ‘एक्लिप्स’ लिहिलंय, पण पटत नाही

मीनल_सफोक

मंडळी, नमस्कार.

मी इंग्लंडात सफोक काउंटीत, बरी सेंट एडमंड्सजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या ऑफिसात काम करते. आमच्या जेवणघरात शेकोटीच्या वर एक जुनं तैलचित्र आहे. रेसचा घोडा, वर जॉकी, मागे मोकळं माळरान आणि एका कडेला विटांची बुटकी इमारत. सही कुठेच दिसत नाही. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर एकच शब्द कोरलाय, ‘एक्लिप्स’.

ज्या कुटुंबानं हे चित्र आश्रमाला दिलं, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच नाव सांगतात. एक्लिप्स म्हणजे अठराव्या शतकातला एक प्रसिद्ध रेसचा घोडा. पण आमच्याकडे राहणाऱ्या एका आजोबांचं सगळं आयुष्य न्यूमार्केटच्या, म्हणजे जवळच्या घोड्यांच्या शर्यतींच्या गावच्या, तबेल्यांत गेलंय. ते म्हणतात, हा एक्लिप्स असणं शक्य नाही. एक्लिप्स चेस्टनट, म्हणजे आयाळ-शेपटीसकट लालसर, होता आणि हा बे, म्हणजे तपकिरी अंगाचा पण काळ्या आयाळीचा आणि काळ्या पायांचा, आहे. मग हा कोण, हे त्यांना सांगता येत नाही आणि त्याची त्यांना फार चुटपुट लागलीय. जेवताना त्यांची खुर्ची मुद्दाम चित्राकडे तोंड करून ठेवायला सांगतात. त्यांची नजर आता मंदावत चाललीय, म्हणून मला हे लवकर शोधायचंय.

वर्णन देते, फोटोही जोडलेत. घोड्याचं तोंड आपल्या डाव्या हाताला आहे, म्हणजे त्याची डावी बाजू दिसते. अंग तांबूस तपकिरी. आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. कपाळावर लहानसा पांढरा टिळा. मागचा डावा पाय खुरापासून साधारण अर्ध्या नळीपर्यंत (पायाच्या खालच्या लांब हाडाच्या मध्यापर्यंत) पांढरा. घोडाच आहे, घोडी नाही, हे चित्रात स्पष्ट आहे. जॉकी ताठ बसलाय, पाय जवळजवळ सरळ खाली सोडलेले. जॅकेट फिकट पिवळसर, टोपी काळी. चित्र साधारण ३६ इंच रुंद आणि २८ इंच उंच.

अशा घोड्यांची नावं शोधता येतात का? सुरुवात कुठून करायची?

---

पागेवाला

मीनल, नमस्कार. मी पशुवैद्य. पुण्याजवळच्या स्टड फार्मांवर बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. शिंगरू जन्मलं की त्याचा ओळखतक्ता भरायचं काम आमच्याकडे असे. कागदावर घोड्याची छापील रेखाकृती असते. दोन्ही बाजू, तोंड, चारही पाय. पांढऱ्या खुणा लाल शाईनं रंगवायच्या, भोवरे काळ्या फुलीनं दाखवायचे. आता मानेत मायक्रोचिप घालतात, तरी तक्ता सुटलेला नाही. इंग्लंडातली जुनी घोड्यांची चित्रं मी याच सवयीनं बघतो. तुम्ही केलेलं वर्णन वाचून बरं वाटलं, कारण लोक सहसा ‘सुंदर तपकिरी घोडा’ एवढंच लिहितात आणि पायांबद्दल एक अक्षर नसतं.

आजोबांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. एक्लिप्स १७६४ सालच्या १ एप्रिलला सूर्यग्रहणात जन्मला, त्यावरून त्याला नाव मिळालं. लखलखीत चेस्टनट, तोंडावर पांढरा पट्टा, आणि मागचा उजवा पाय पांढरा. चेस्टनटच्या अंगावर काळे केस नसतात. आयाळ-शेपूट अंगासारखीच लालसर किंवा त्याहून फिकी. तुमच्या घोड्याची आयाळ काळी, पाय काळे, म्हणजे तो बे. चेस्टनटचा बे कधीच होत नाही, कितीही वय होवो. ग्रे घोड्याची गोष्ट वेगळी. तो गडद जन्मतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. घोड्यांचा प्रसिद्ध चित्रकार जॉर्ज स्टब्जनं १७६५ मध्ये रंगवलेला तो छोटासा गिमक्रॅक नावाचा घोडा ग्रे होता. अशा घोड्याची तीन वर्षांच्या वयातली आणि बारा वर्षांच्या वयातली चित्रं शेजारी ठेवली तर दोन वेगळी जनावरं वाटतील. तुमच्याकडे ती अडचण नाही.

चित्रात कशावर किती विश्वास ठेवायचा, याचा माझा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी पांढऱ्या खुणा, मग रंग, आणि बांध्यावर सगळ्यात कमी. त्या काळचे चित्रकार घोड्याचं डोकं लहान करत, पाय बारीक करत, पाठ लांबवत, कारण मालकाला आपला घोडा तसा दिसायला हवा असे. टिळा आणि पांढरा पाय मात्र ते जागच्या जागी ठेवत. मालक, ट्रेनर आणि मोतद्दार तिघंही तो घोडा रोज बघत असत. त्यांच्यासमोर पाय चुकवून चालणारच नव्हतं.

बरं, एक्लिप्सचंच नाव का लागलं? तो १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. आजच्या बहुतेक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्यांची बापाकडची वंशावळ त्याच्यापर्यंत जाते. त्याचा सांगाडासुद्धा रॉयल व्हेटरिनरी कॉलेजनं जपून ठेवलाय. नाव हरवलेल्या घोड्याला कुणी नवं नाव देतो तेव्हा सगळ्यात मोठं नावच देतो, आणि त्या नावानं चित्राची किंमतही चढते. पितळी पाटी ही फ्रेमची असते, चित्राची नव्हे. फ्रेमी बदलतात, एकाची दुसऱ्याला लागते. म्हणून पाटीला मी पुरावा मानत नाही.

ती बुटकी विटांची इमारत बहुधा न्यूमार्केटचं ‘रबिंग-डाउन हाउस’ असेल. धावून आलेल्या घोड्याला तिथे नेऊन घाम पुसत, गवताच्या बोळ्यांनी अंग चोळत. त्या काळी चार-चार मैलांच्या शर्यती होत, घोडा घामानं निथळत परत येई. स्टब्जनं या इमारतीचे नुसते, घोडा-माणूस नसलेले अभ्यास रंगवून ठेवले होते. त्यातला एक लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात आहे. तीच इमारत मग त्यानं गिमक्रॅकच्या मागे वापरली, एक्लिप्सच्या मागे वापरली, १८०० मध्ये हॅम्बलटोनियन या घोड्याच्या मागेही वापरली. आणि स्टब्जनं केलं ते पुढे इतरांनी उचललं. तेव्हा इमारत दिसली म्हणून चित्रकार तिथे उभा होता असं नाही, आणि स्टब्ज तर नाहीच नाही.

जॉकीची बैठक मात्र काळ सांगते. ताठ पाठ आणि लांब रिकिबी ही जुनी रीत. अमेरिकेचा जॉकी टॉड स्लोन १८९७ मध्ये इंग्लंडात आला आणि घोड्याच्या मानेवर ओणवून बसायला लागला; थोड्याच वर्षांत सगळे तसे बसू लागले. तुमचं चित्र त्याच्या आधीचं धरून चाला.

आता माझा मुख्य सल्ला. घोडा थेट शोधू नका, आधी मालक शोधा. जॅकेट आणि टोपीचे रंग मालकाचे असतात. १७६२ मध्ये न्यूमार्केटला जॉकी क्लबनं १९ मालकांचे रंग पहिल्यांदा नोंदवून घेतले, म्हणजे लांबून घोडे ओळखता यावेत आणि भांडणं होऊ नयेत. ड्यूक ऑफ कंबरलंडचा जांभळा, लॉर्ड ग्रोव्हनरचा नारिंगी, ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा गवती पिवळा. तुमच्या जॉकीचं जॅकेट नेमकं कुठल्या छटेचं आहे, हे दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ नेऊन बघा.

---

राघू_लीड्स

एक शंका. जुनी छापील चित्रं पुष्कळदा मूळ चित्राच्या उलटी असतात, आरशात बघितल्यासारखी. तांब्याच्या पत्र्यावर जसं कोरलं त्याच्या उलटं कागदावर उमटतं. समजा एखाद्या हौशी चित्रकारानं एक्लिप्सचं असं उलटं छापील चित्र समोर ठेवून नक्कल केली, तर उजवा पांढरा पाय डावीकडे जाईल. मीनलच्या घोड्याचा डावाच मागचा पाय पांढरा आहे! एक्लिप्सला इतक्या लवकर बाद करू नये असं वाटतं.

---

पागेवाला

राघू, शंका अगदी रास्त आहे आणि हे तपासलंच पाहिजे. पण उलटं केलं तरी पट्ट्याचा टिळा होत नाही आणि काळ्या पायांचे लाल होत नाहीत. एक खूण जुळली आणि दोन फसल्या, तर मी तो घोडा बाद धरतो.

मीनल, चित्र उलटं आहे का हे जॅकेटच्या गुंड्यांवरून कळेल. पुरुषाच्या जॅकेटची डावी बाजू उजवीवर येते. चित्रात उजवी वर आली असेल तर राघूचा तर्क खरा, आणि मग आपल्याला उजवा मागचा पाय पांढरा असलेला बे शोधावा लागेल.

---

चैतन्य७

चित्र छान आहे, आश्रमातल्या लोकांना आवडतं. असू दे की एक्लिप्स. दोनशे वर्षांनंतर काय फरक पडतो?

---

पागेवाला

चैतन्य, मला पडतो. तो घोडा जगला, धावला, कुणीतरी त्याला रोज खरारा केला, आणि मालकाला तो इतका आवडला की त्यानं चित्रकाराला पैसे देऊन रंगवून घेतला. त्याचं नाव पुसून दुसऱ्याचं लावणं मला बरोबर वाटत नाही.

आणि घोड्याची ओळख ही काही नाजूक हौस नव्हे. १८४४ ची एप्सम डर्बी ‘रनिंग रेन’ नावाच्या घोड्यानं जिंकली. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची असते. हा निघाला मॅकेबियस नावाचा चार वर्षांचा घोडा, नाव बदलून उतरवलेला. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीश बॅरन आल्डरसन यांनी घोडाच हजर करा म्हणून सांगितलं, कारण दात बघितले की वय कळतं. घोडा काही हजर झाला नाही. डर्बी दुसऱ्या आलेल्या ओरलँडोला मिळाली. एक वर्षाचा फरक आणि त्यासाठी एवढं झालं. आम्ही तक्ते भरतो ते याचसाठी.

---

कॅनव्हासमागे

मी मुंबईत जुन्या तैलचित्रांच्या जतनाचं काम करते. मीनल, जॅकेटचा रंग बघण्याआधी हे वाच.

जुनं व्हार्निश पिवळं पडतं आणि त्याखालचे सगळे रंग बदलून दाखवतं. पांढरा मलईसारखा किंवा गवती दिसतो, आकाशी हिरवट दिसतो, जांभळा तपकिरीकडे झुकतो. चित्रांवरून मालक ओळखताना लोक इथेच फसतात. व्हार्निश न काढताही याची खात्री करता येते. चित्रात नक्की पांढरं काय असायला हवं ते शोध. घोड्याचा पांढरा पाय, टिळा, जॉकीच्या गळ्यातला रुमाल. त्यांची छटा जॅकेटशेजारी ठेवून बघ. रुमाल आणि जॅकेट एकाच छटेचे दिसले तर जॅकेट मुळात पांढरं होतं. रुमाल मलईसारखा आणि जॅकेट त्याहून स्पष्ट पिवळं असेल, तर ते खरंच पिवळं. फोनचा फ्लॅश वापरू नकोस, चमक येते आणि काहीच कळत नाही.

दुसरं, चित्र उतरवून पाठ बघ. दोघांनी मिळून उतरवा, जुन्या तारा तुटतात. कॅनव्हासच्या पाठीवर पुरवठादाराचा शिक्का असू शकतो आणि त्यावर पत्ता असतो. दुकानं जागा बदलत, भागीदार बदलत, त्यामुळे पत्त्यावरून वर्षांचा टप्पा मिळतो. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं ब्रिटिश रंग-कॅनव्हास पुरवठादारांची मोठी यादी इंटरनेटवर ठेवली आहे, तीत शोध.

मात्र शिक्का सापडला म्हणून लगेच विश्वास ठेवू नकोस. जुना कॅनव्हास जीर्ण झाला की त्याच्या मागे नवा कॅनव्हास चिकटवतात आणि मग शिक्का त्या नव्याचा असतो. चौकटीच्या कडेला, जिथे कापड दुमडून खिळे मारलेत, तिथे कापडाचा एक थर आहे की दोन, ते बघ. ओल्या कापडानं, ब्रेडनं, बटाट्यानं पुसायचे सल्ले कुणी देईल. काहीही लावू नकोस.

---

मीनल_सफोक

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या देखभाल करणाऱ्या दादांच्या मदतीनं चित्र उतरवलं. आजोबांना व्हीलचेअरवरून खिडकीशी आणलं. त्यांनी भिंग मागितलं आणि आधी पायच बघितले, डॉक्टरकाका.

कडेला कापडाचा एकच थर आहे, लोखंडी खिळे गंजलेत. पाठीवर शिक्का आहे, अर्धा पुसलेला, पण ‘विन्सर अँड न्यूटन’ आणि ‘रॅथबोन प्लेस’ वाचता येतं. जॉकीच्या गळ्यातला रुमाल आणि घोड्याचा पांढरा पाय दोन्ही एकाच मलई रंगाचे आहेत, आणि जॅकेट त्यांच्यापेक्षा नक्की पिवळं आहे. टोपी काळीच. जॅकेटच्या तीन गुंड्या दिसतात. डावी बाजू वर आहे, म्हणजे चित्र उलटं नाही.

आणखी एक. टॉर्च कडेनं धरल्यावर खालच्या डाव्या कोपऱ्यात, गवताच्या गडद भागात, अक्षरांसारखं काहीतरी उठून दिसलं. वाचता येत नाही. फोटो टाकलाय.

---

पागेवाला

उत्तम काम केलंत. विन्सर अँड न्यूटन ही चित्रकारांना रंग-कॅनव्हास पुरवणारी कंपनी १८३२ मध्ये रॅथबोन प्लेसला सुरू झाली. कॅनव्हास मूळचाच आहे, म्हणजे चित्र त्याआधीचं नाही. एक्लिप्स १७८९ मध्येच गेला. तेव्हा तो समोर उभा राहून हे चित्र काढलेलं नाही, आणि खुणा बघता त्याची नक्कलही नाही. आजोबांना हे जरूर सांगा.

आता आपल्याकडे बरंच आहे. साल १८३२ नंतरचं आणि बैठकीवरून शतक संपायच्या आधीचं. बे घोडा, कपाळावर टिळा, मागचा डावा पाय अर्ध्या नळीपर्यंत पांढरा. पिवळं जॅकेट, काळी टोपी. पिवळं दिसलं म्हणून लगेच ड्यूक ऑफ डेव्हनशायर म्हणू नका. १७६२ मध्ये मोजके १९ मालक होते, एकोणिसाव्या शतकात ती यादी फार लांबली आणि पिवळ्याच्या छटा अनेकांकडे गेल्या.

‘रेसिंग कॅलेंडर’ वेदरबी कुटुंबानं १७७३ पासून दरवर्षी छापलंय, जुने खंड स्कॅन होऊन इंटरनेटवर आलेत. त्यात मालकांच्या रंगांच्या याद्या मिळतात. आधी १८३५ ते १८५० चे खंड घ्या, कारण जॉकीची एवढी लांब रिकीब आणि ही मांडणी मला त्या काळाकडे झुकणारी वाटते. पिवळं जॅकेट आणि काळी टोपी असलेले मालक वेगळे काढा. मग त्या प्रत्येकाचे जिंकलेले घोडे बघा. हरलेल्या घोड्याचं एवढं चित्र सहसा कुणी काढून घेत नसे. पुढे ‘जनरल स्टड बुक’, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीची नोंदवही, उघडून त्यातले बे रंगाचे नर तेवढे ठेवा. स्टड बुकात रंग, जन्मसाल, आई-बाप मिळतात. पांढरे पाय मात्र लिहिलेले नसतात. नुसत्या पुस्तकांवरून घोडा ओळखता येत नाही तो यामुळेच. शेवटची खात्री दुसऱ्या एखाद्या चित्रावरूनच करावी लागते.

त्यासाठी छापील चित्रं बघा. ‘स्पोर्टिंग मॅगझिन’ १७९२ पासून निघत होतं, त्यात नामांकित घोड्यांची कोरीव चित्रं येत. जॉन फ्रेडरिक हेरिंग हा आधी घोडागाडीचा चालक, पुढे डॉनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीचे विजेते तो वर्षानुवर्षं रंगवत राहिला आणि त्यांची छापील चित्रं निघाली. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात अशी पुष्कळ छापील चित्रं घरबसल्या बघता येतात. बहुतेकांच्या खाली घोड्याचं नाव, मालक आणि प्रकाशनाची तारीख असते, कारण १७३५ च्या कायद्यानं हक्क राखायचे तर तारीख आणि नाव पत्र्यावर कोरणं बंधनकारक होतं. राघूनं सांगितलेला उलट्या छापाचा मुद्दा इथे लक्षात ठेवा. छापील चित्रात टिळा असेल आणि उजवा मागचा पाय पांढरा असेल, तरी तो घोडा बाजूला टाकू नका.

रंगवलेली चित्रं आर्ट यूकेच्या संकेतस्थळावर शोधा, ब्रिटनमधल्या सार्वजनिक संग्रहांतली तैलचित्रं तिथे आहेत. आणि न्यूमार्केट तुमच्यापासून अर्ध्या तासावर. तिथल्या पॅलेस हाउसमधल्या नॅशनल हॉर्सरेसिंग म्युझियमला सगळे फोटो पाठवून लिहा. पत्रात ‘हा एक्लिप्स आहे का’ असं विचारू नका. खुणा, रंग, शिक्का, मोजमाप एवढंच द्या, नाव त्यांच्या मनात आपण घालायला नको. जमलं तर आजोबांनाही घेऊन जा.

---

कॅनव्हासमागे

मीनल, कोपऱ्याचा फोटो पाहिला, अक्षरंच आहेत. घोड्याचं नाव असेल किंवा चित्रकाराची सही. ती चित्राबरोबरची आहेत की नंतर कुणी घातली, हे आधी बघायला हवं, कारण विकताना नावं घालायची पद्धत होती.

भिंग घे आणि रंगाला पडलेल्या बारीक भेगा बघ. भेग अक्षराला चिरत सरळ गेली असेल तर अक्षर जुनं, चित्राबरोबर सुकलेलं आणि चित्राबरोबर तडकलेलं. अक्षराचा रंग भेगेत उतरून साचला असेल तर भेगा आधी पडल्या आणि अक्षर नंतर आलं. टॉर्च चारही बाजूंनी धरून प्रत्येक वेळी वेगळा फोटो काढ आणि इथे टाक. फोनवर स्वच्छ आलं नाही तर म्युझियमला लिहिताना विचार, अतिनील दिव्याखाली बघून देणारा कुणी जतनतज्ज्ञ जवळपास आहे का.